बारा बाय दहातली बावीस माणसं

लालबाग, मुंबई
गुरुवार, ५ फेब्रुवारी

मित्रवर्य ऑस्वाल्ड यास,

मनूचा सप्रेम नमस्कार. जेनवहिनींना वेगळा नमस्कार सांग, तुझ्यातलाच अर्धा काढून देऊ नकोस. तुझा गुडघा काय म्हणतो? डिसेंबरात डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलास, त्या डोळ्याने आता स्वच्छ दिसत असेल, तर हे पत्र त्याच डोळ्याने वाच आणि उजव्याला सध्या विश्रांती दे. कॅनडात रॉयस्टनला बर्फ उपसून पाठीचं दुखणं लागलंय असं ऐकलं. त्याला म्हणावं, बाप एकतीस वर्षं लाकडाच्या वखारीत ओंडके मोजत होता, त्याच्या पाठीला काही झालं नाही (कारण ओंडके उचलायची वेळ आली की बाप चहाला जायचा, हे त्याला सांगू नकोस). नाताळातले वहिनींचे कुलकुल जानेवारीच्या तीन तारखेलाच संपले. डबा रिकामा परत करायचा नसतो आणि भरण्याजोगं मला काही करता येत नाही, म्हणून तो अजून माझ्याच कपाटावर आहे. माझी प्रकृती उत्तम. श्रावणात मोरीपाशी आलेली चक्कर ही चक्कर नव्हती, साबण होता, हे मी डॉक्टरांना, शंतनुला आणि मेघनाला प्रत्येकी तीनदा सांगितलं आहे. कोणी मानत नाही.

आता तू म्हणशील, लालबागहून माहीमला बसने अर्धा तास, फोनला अर्धं मिनिट, मग या बाबाला पत्राची हौस का आली? त्याला तीन कारणं आहेत. एक, फोन कानाला लावलास की तुझं कानातलं यंत्र कुकरसारखी शिट्टी देतं. दोन, माझ्या घरात सकाळी दहा ते संध्याकाळी सात मला मोठ्याने बोलता येत नाही, कारण मी इथे शिंकलो तर सिडनीत लोक काळजी करतात. तिसरं कारण धीर झाला तर शेवटी लिहीन.

तुला आमच्या घरची परिस्थिती माहीत आहेच, तरी सांगतो. शंतनु बोटीवर, वर्षातले सात महिने पाण्यात. ललिताला जाऊन चार वर्षं झाली. म्हणजे घरात मी आणि सून मेघना. मेघनाला ही नोकरी लागून येत्या मार्चला दोन वर्षं होतील. रुजू व्हायच्या दिवशी मी रीतीप्रमाणे तिच्या हातावर दही-साखर ठेवली. तिने ती खाल्ली, मला वाकून नमस्कार केला आणि स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत कामावर गेली. सात पावलं. मी मोजली. आपण दोघं रे रोडला मस्टर गाठायला कसे धावायचो, दोन मिनिटं उशीर झाला तर लाल शेरा, आणि ही मुलगी अनवाणी सात पावलं चालते आणि वेळेच्या आधी पोचते. मी त्या दिवशी दारातच उभा राहिलो, कारण पुढे काय करायचं ते मला सुचेना.

कंपनी कुठली ते मला नीट सांगता येणार नाही, पण काम मात्र आपल्याच घराण्यातलं आहे. माल कुठे आहे ते शोधायचं. आठवतं, सागाचे चौदा ओंडके गहाळ झाले तेव्हा आपण तीन दिवस दारुखान्यापासून कॉटन ग्रीनपर्यंत वणवण केली आणि ओंडके शेवटी आपल्याच वखारीत मिळाले, तू ज्यावर बसून डबा खायचास त्या थप्पीखाली? मेघना डाव्या हाताने मटार सोलते, उजव्या हाताने माऊस फिरवते आणि तिकडे युरोपातल्या कुणा गृहस्थाला सांगते की तुमचा कंटेनर काल संध्याकाळी कोलंबोहून निघाला, काळजी नसावी. मी बघतच राहतो. कधीकधी ती मला हाक मारते आणि निळ्या पडद्यावर एक ठिपका दाखवते. तो शंतनुच्या बोटीचा. मी त्या ठिपक्याला जेवलास का असं विचारतो. उत्तर येत नाही, पण विचारल्याचं समाधान असतं.

आता मुख्य बातमी. कंपनीने ऐरोलीला मोठं ऑफिस घेतलं आहे आणि मेघनाला पथकाची प्रमुख करायचं ठरवलं आहे, बावीसच्या बावीस माणसं तिच्या हाताखाली. अट एकच, आठवड्यातले चार दिवस ऐरोलीला जाऊन बसायचं. म्हणजे सकाळी आठला निघायचं आणि रात्री आठला परत. पुढच्या शुक्रवारपर्यंत, तेरा तारखेपर्यंत, हो की नाही ते कळवायचं आहे. मेघनाने नाही म्हटलंय. तिच्या मोठ्या साहेब ॲलिसनबाई (राहणार सिडनी) म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत पुन्हा विचार कर. माझं स्पष्ट मत विचारशील तर मुलीने नाही म्हटलं ते योग्यच केलं, कारण हे घरचं ऑफिस माझ्याशिवाय चालायचं नाही. ही बढाई नव्हे. पुराव्यानिशी सांगतो.

पहिला पुरावा म्हणजे रेघ. लॅपटॉपच्या वर एक डोळा असतो, तुझ्या मोतीबिंदूपेक्षा लहान. तो किती पाहतो याची कोणाला कल्पनाच नव्हती. मी जुनी टेप काढली, मेघनाला खुर्चीत बसवलं आणि इंचाइंचाने सरकत तिला विचारत गेलो की आता दिसतो का, आता दिसतो का. मग वखारीतल्यासारखी गेरूची दोरी ताणून फटका मारला. बारा बाय दहाच्या खोलीत साडेपाच फूट बाय चार फूट सात इंच हे ऑफिस, बाकीचं घर. रेघेच्या अलीकडे वाळत घातलेले पायजमे, मेतकुटाची बरणी, माझं गुडघ्याचं तेल, सगळं बिनधास्त. पलीकडे फक्त मेघना, एक मनीप्लांट आणि भिंतीवर ललिताचा फोटो. तो काढायचं मेघनाने सुचवलं नाही आणि मीही विषय काढला नाही. तर ॲलिसनबाई रोज मीटिंगला आल्या की मेघनाला गुड मॉर्निंग म्हणून मागच्या बाईंनाही म्हणायच्या. तीन आठवड्यांनी म्हणाल्या, तुमच्या सासूबाई किती शांतपणे सगळं ऐकून घेतात, आमच्याकडे इतका धीर कोणाला नाही. मेघनाने खरं काय ते सांगितलं तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या अजूनही फोटोला गुड मॉर्निंग म्हणतात. आता समजून म्हणतात.

दुसरा पुरावा सांगायचा तर आधी माझी फजिती सांगावी लागेल, आणि ती तू माहीमभर करशील, पण सांगतो. अगदी पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मी आंघोळ करून, कमरेला पंचा, वर उघडा, देवाला फुलं वाहायला बाहेरच्या खोलीत आलो (देव्हारा तिथेच आहे, तेव्हा रेघ आखली नव्हती). बघतो तर पडद्यावर बावीस चौकोन आणि बावीस चेहरे. एक गोऱ्या बाई हॅलो म्हणाल्या. मीही घंटी वाजवत हॅलो म्हटलं. आणि ऑस्वाल्ड, एकेक चेहरा नाहीसा व्हायला लागला. हा गेला, ती गेली, अर्ध्या मिनिटात पडदा काळा. मी गिरणगावात वाढलेला माणूस, सभात्याग कशाला म्हणतात ते मला शिकवायला नको. बावीस माणसं न बोलता उठून गेली, ती माझ्या उघड्या अंगामुळे, आणि सुनेची नोकरी आठवड्याच्या आत गेली, हे मला तिथल्या तिथे उमगलं. मेघना कानाला ते बोलायचं यंत्र लावून दुसऱ्याच कुणाशी बोलत होती, तिला विचारायची सोय नव्हती, आणि संध्याकाळी विचारायचा धीर झाला नाही. मला दिवसभर अन्न गोड लागलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेदहाला शंतनुच्या लग्नातला कोट चढवून मी तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो आणि आदल्या दिवशी कागदावर उतरवलेलं इंग्रजी भाषण वाचलं. रिस्पेक्टेड ऑल, काल माझ्या वेशामुळे आपण सर्वांनी सभात्याग केलात याबद्दल मी दिलगीर आहे, शिक्षा मला व्हावी, सुनेला नव्हे. मेघना लालबुंद. मग तिने मला सांगितलं की बाबा, अकरा वाजले होते, मीटिंग संपली होती.

बावीस माणसं हसली, पण वाईट हसली नाहीत. ॲलिसनबाई म्हणाल्या, या कंपनीत इतकी चांगली माफी आजवर कुणी मागितली नाही. पण माझं समाधान होईना. मीटिंग संपली हे ठीक, म्हणून भरल्या घरातून असं पटकन नाहीसं व्हायचं? आपल्यात कुणी जातो म्हणत नाही. जाणारा येतो म्हणतो आणि घरचा माणूस या म्हणतो, म्हणजे पुन्हा येण्याचं दार उघडं राहतं. हे मी मेघनाला तिथल्या तिथे भाषांतर करून सांगायला लावलं. त्या दिवसापासून, तुझ्या गळ्यातल्या क्रॉसची शपथ, सिडनीपासून नाशिकपर्यंतची बावीस माणसं अकरा वाजले की एकेक करून येतो म्हणतात. मी खुर्चीमागे शर्ट इस्त्री करून उभा असतो आणि प्रत्येकाला या म्हणतो. बावीस वेळा. संक्रांतीला तर मी प्रत्येक चौकोनापुढे तिळाचा लाडू धरला आणि गोड बोला म्हटलं. घेता कुणालाच येईना, म्हणून सगळ्यांच्या वतीने मेघनाने खाल्ले. नवव्या लाडवाला ती शरण आली, उरलेले मी संपवले.

आता यातलं मला थक्क करणारं काय ते सांगतो. आमच्या देवावरचं फूल ताजं असतं तेव्हा ॲलिसनबाईंच्या पडद्यावरचं ऊन कलतं झालेलं असतं. दोन्ही वेळा एकाच वेळी माझ्या बाहेरच्या खोलीत असतात, आणि तिथे पाचव्या माणसाला बसायला खुर्ची नाही. नाशिकचा मयूर म्हणून एक मुलगा आहे. कामावर हजर असलं की नावापुढे हिरवा ठिपका लागतो, तो विझू नये म्हणून हा माऊस टेबलफॅनला बांधून झोपायचा. (तू खुर्चीला कोट लटकवून मॅटिनीला जायचास आणि शेठ कोटाला विचारायचा, काय ऑस्वाल्ड, आज गप्प? मला मयूरबद्दल लगेच आपुलकी वाटली.) त्याचे वडील दिवाळीनंतर वारले. दुसऱ्या दिवशी ॲलिसनबाईंनी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. मयूर सोडून सगळे उभे राहिले तशी एकवीस चौकोनांत एकवीस पोटं दिसायला लागली. कुणी हसलं नाही. एकाच्या घरी मागे मूल रडत होतं, एकाच्या इथे कुकरची शिट्टी झाली, आणि तरी इतकी शांतता मी आपल्या वखारीतल्या शेठच्या शोकसभेतही पाहिली नव्हती. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं ही. त्या पोरांना मी मनातल्या मनात हात जोडले.

चाळीतल्यांना मात्र अजून पटत नाही की हे काम आहे. शेजारच्या कमळाबाई बोंबलांची परडी घेऊन थेट रेघ ओलांडतात. त्यांचं एकच पालुपद, "गो मेघना, तू घराकच असतंस मा, सिलिंडर इलो तर घेवन ठेव." घरी आहे म्हणजे रिकामी आहे. आख्ख्या मजल्याची पार्सलं, सिलिंडर, चाव्या, एकदा तर कुणाची मांजर, सगळं मेघनाकडे. त्यात गेल्या एप्रिलात खाली मिरच्या कांडायला सुरुवात झाली आणि ती भर मीटिंगमध्ये सोळा वेळा शिंकली, तरी सोळावी शिंक झाल्यावर अडलेल्या शब्दापासूनच पुढे बोलायला लागली. आपल्याला साडेपाचची घंटा होती. अंगावरचा भुसा झटकला की वखार मागे राहायची. हिला घंटा नाही. सात वाजता लॅपटॉप मिटते, साडेसातला पुन्हा उघडते, आणि तिची पोळी ताटात गार होते. मी ती पोळी पुन्हा तव्यावर टाकतो.

असो. तर असं हे आमचं ऑफिस. रेघ माझी, शिस्त माझी, पाहुण्यांचं आगतस्वागत माझं. मेघना ऐरोलीला गेली तर साडेदहाला मी कुणापुढे उभा राहू? म्हणून म्हणतो, नाही म्हणाली ते बरंच झालं. वहिनींना नमस्कार, रॉयस्टनच्या पाठीला शेक सांगणे.

तुझा,
मनू

ता.क. – वरचा सगळा शेवटचा परिच्छेद खोटा आहे. तो खोडला असता, पण बाकीचा कागद चांगला लिहून झाला होता. तुझ्याकडे काम असं आहे की सोमवारी दुपारी एकच्या सुमारास (तेव्हा ती जेवते) तू मेघनाला फोन कर आणि सांग की तुझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा आहे. तो नाहीतरी कधीतरी काढायचाच आहे. जेनवहिनींना कामं असतात, त्यामुळे डोळ्यात दिवसातून चारदा थेंब घालायला आणि पेपर वाचून दाखवायला तुला रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सात मनू लागेल. किती दिवस, असं ती विचारेल. डॉक्टर सांगतील तोवर, असं म्हण. ती आढेवेढे घेईल, पण तुला फोनवर ऐकू येत नाही हे या कामी फार उपयोगाचं आहे. तू फक्त बोल. ऐकायच्या भानगडीत पडलास तर फसशील. मी खरोखरच येईन, माझा डबा मी आणीन, आणि वहिनींचा कुलकुलचा डबाही भरून आणीन, चिवड्याने.

ता.क. २ – तिसरं कारण हे. गेल्या मंगळवारी मी स्वयंपाकघरात गप्प बसून लसूण सोलत होतो. मी तिथे आहे हे मेघनाला माहीत नव्हतं. ती ॲलिसनबाईंना इंग्रजीत सांगत होती. आपलं इंग्रजी वखारीतलं, तरी इतकं कळतं. ती म्हणाली, "माझे सासरे एकटे पडतील. ते सकाळी नऊपासून शर्ट घालून मीटिंगची वाट बघतात. मला जमणार नाही." मग बाईंनी काहीतरी विचारलं, त्यावर ती म्हणाली, हो, ही जागा मला हवी होती. मी सगळा लसूण सोलला, दोन गड्ड्या जास्तच. संध्याकाळी मी तिला म्हटलं की जा तू, मी ठणठणीत आहे, आणि त्याच वेळी गॅसवरचं दूध उतू गेलं. ती बघू म्हणाली. मी ठीक आहे यावर तिचा विश्वास बसणार नाही, ऑस्वाल्ड. कुणाला माझी गरज आहे यावर मात्र बसेल. तिला बाप नाही, लहानपणीच गेला, आणि मी ज्या दिवशी त्या पंच्याबद्दल तिच्या ऑफिसची माफी मागितली त्या दिवसापासून ती मला अहो बाबा म्हणायची ते नुसतं बाबा म्हणते. तिच्या बावीस माणसांना ती प्रमुख म्हणून हवी आहे. मलाही हवी आहे. समोर बसून हे मला तुला सांगता आलं नसतं, म्हणून पत्र.

ता.क. ३ – शुक्रवार सकाळ. पत्र अजून टपालात टाकलेलं नाही, डिंक संपला होता. आज मीटिंगला मी नेहमीसारखा खुर्चीमागे उभा राहिलो. अकरा वाजता एकेक जण येतो म्हणत गेला, मी या म्हणत गेलो. शेवटी ॲलिसनबाई उरल्या. त्या येते म्हणाल्या आणि माझ्या तोंडून 'या'ऐवजी 'येतो' निघून गेलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. बाई गेल्या, पण मेघनाने कानावरचं यंत्र काढलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. म्हणाली, "बाबा, तुम्ही कुठे निघालात?" मी म्हटलं, माहीमला, ऑस्वाल्डच्या डोळ्याचं काहीतरी आहे, नक्की ठाऊक नाही, तो फोन करेल. तिने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेव्हा सोमवार चुकवू नकोस. आणि डोळा उजवा सांग. डावा झालाय, हे तिला माहीत आहे.